नेरवालीनं भरलेल्या भेगा

लग्न होऊन पैनगंगेच्या काठी आले तेव्हा मला सगळंच येत होतं. ज्वारीची भाकर येत होती, म्हशीची धार काढता येत होती, गोधडी शिवता येत होती, आणि कुणी विचारलं असतं तर मोटारही चालवता येत होती. अर्थात तोंडानं. सासूबाई काही विचारायच्या आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत मी म्हणून मोकळी व्हायची, "मले येते." पहिली भाकर तव्याऐवजी चुलीत पडली, म्हशीनं बादलीसकट मला उडवलं, तरी तोंड काही सुधारलं नाही. सोळा-सतराचं वय, नवं लुगडं आणि फुगलेलं डोकं. आज ती पोरगी माझ्या दारात सून म्हणून आली असती तर मी तिला आल्या पावली परत नेरच्या मोटारीत बसवून दिलं असतं.

माझं माहेर नेरचं. कापसाच्या गाड्या, मोटारींचा थांबा आणि वर्षभर धूळ. पाणी पाहिलेलं ते विहिरीतलं, तेही वरून वाकून. सासर मात्र पाण्यावरच जगणारं. आमच्या घरचा डोंगा होता, लांबट, सपाट तळाचा, साऱ्या अंगाला डांबर फासलेला. पावसाळ्यात नदी भरली की पलीकडची माणसं त्यातून अलीकडे यायची, महागावच्या बाजाराला जायची, ओझी आणि शेळ्या घेऊन परत फिरायची. गावात सुनांना माहेरच्या गावावरून हाक मारायची पद्धत होती, म्हणून मी नेरवाली. सगळ्यांना ठाऊक होतं की नेरवाली पाण्याला भिते. नेरवालीला मात्र वाटायचं की हे कुणालाच ठाऊक नाही.

साठ साल उजाडायच्या आधीचा तो एक उन्हाळा. डोंगा डोहातून ओढून करंजाच्या सावलीत दगडांवर पालथा घातला होता. उन्हाळ्यात डांबराचा थर तडकतो. केसासारख्या भेगा पडतात. त्यातल्या बऱ्याचशा नुसत्या वरच्या कातडीच्या असतात, त्यांच्यानं काही बिघडत नाही. काही मात्र लाकडापर्यंत गेलेल्या असतात, आणि त्यातून नदी आत येते. कोणती भेग कोणती हे आधी ओळखायचं आणि मग भरायचं. हे काम आमच्या घरी बायांचं होतं. पुरुष डोंगा हाकायचे, बाया भेगा भरायच्या. घराच्या भिंती जे हात सारवतात त्यांनीच डोंग्याचं पोटही सारवावं, असा तिथला सरळ कायदा.

त्या वर्षी डोंग्यावर जास्तच भिस्त होती. माझी नणंद पलीकडच्या काठावर दिलेली. तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते आणि बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं होतं. तिच्या सासरचे म्हणत होते, पेरण्या आटोपल्याशिवाय पाठवणार नाही. पेरण्या आटोपेपर्यंत नदी भरणार. पुलावरून जायचं तर लांबचा फेरा, आधी बैलगाडी, मग मोटार, मग परत बैलगाडी. पोटुशी बाई त्या दचक्यांत घालायची कुणाचीच तयारी नव्हती. म्हणजे ती येणार ती याच डोंग्यातून, भरल्या नदीवरून.

सासूबाईंचे गुडघे त्या वर्षी धरले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"माह्या लेकीले याच डोंग्यात आणाचं हाये. भेगा पाहता येते का तुले?"

"मले येते."

"पाहिल्या का कधी?"

"त्यात काय पाहाचं, आत्याबाई?"

त्यांनी खुंटीवरचं फडकं माझ्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "ओल्या फडक्यानं डोंगा पुस. सारं अंग वाळते, पण भेगीतलं पाणी मागून वाळते. तिथं काया दोरा दिसन. तिथं खूण कर."

एवढंच! मी ऐटीत मान डोलावली. आणि दुपारचं जेवण करून, भांडी घासून, अगदी रणरणत्या उन्हात डोंग्याशी गेले. सावली तोवर सरकून दुसरीकडे गेली होती. एका टोकाकडून पुसायला लागले, दुसऱ्या टोकाशी पोचेपर्यंत पहिलं टोक खडखडीत वाळलेलं. भेगही वाळली, डांबरही वाळलं, मीही वाळले. काळा दोरा कुठेच नाही. मी खूश. उगाच काही केलंसं दिसावं म्हणून काडीनं थोडं डांबर घेतलं आणि डोळ्यांना दिसणाऱ्या मोठ्या भेगांवरून काजळाचं बोट फिरवावं तसं फिरवून घरी आले.

"आत्याबाई, पाहिला डोंगा. भेगाच नाईत. दोन-चार होत्या, त्या भरल्या."

"भेगाच नाईत?" त्या तांदूळ निवडत होत्या. "मंग कोणं नवा आणून ठेवला वाट्टे, बाप्पा."

मी हे कौतुक समजले.

संध्याकाळी पुरुष मंडळी जेवायला बसली. मी वाढत होते. सासरे म्हणाले, "यंदा पहिल्या खेपेले नेरवाली बसन म्हणा."

"कायले?" माझ्या हातातली पळी थांबली.

आणि तेव्हा मला कळलं की या घरात एक रीत आहे. ज्या बाईनं भेगा भरल्या तिनं पहिल्या खेपेला डोंग्यात बसायचं, तेही आपण भरलेल्या जागेवर. इतकी वर्षं सासूबाई बसत आल्या, त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई. का, असं मी कसंबसं विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "सैपाक करणारीनं भाजी आधी चाखावी का नाई? तसंच हे."

"पण मी... मले..."

"तुले येते ना सारं?" आमचे हे ताटात तोंड घालून हसत होते. "मंग बसता नाई येत का?"

पहिली खेप म्हणजे नणंदेला आणायची खेप. जाताना मी एकटी सवारी, येताना ती. घास गिळायच्या आधीच माझं पोट भरलं.

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवला आणि मी फडकं घेऊन डोंग्याशी हजर. ऊन यायचं होतं, हवा गार होती. पुसलं आणि थांबले. डांबर हळूहळू वाळत गेलं आणि त्यावर काळे दोरे उठायला लागले. इथं एक, तिथं एक, मग ते एकमेकांना जाऊन मिळाले. अवो माय! हा डोंगा की जाळं? मी धावत घरी गेले, सासऱ्यांच्या चंचीतली चुन्याची डबी उचलली आणि प्रत्येक भेगेशेजारी पांढरी रेघ ओढत सुटले. चुना संपला तसा भिंतीला लावायचा चुना कालवून आणला. शेळीच्या खुराचा ओरखडा दिसला, रेघ ओढली. चिमणीची शिट दिसली, म्हटलं असू दे, धोका नको, तिथेही रेघ. मग पटाशी घेतली. भेग भरायची तर आधी पटाशीनं तिचं तोंड उघडावं लागतं, एवढं मी ऐकून होते. आता सगळ्यांचीच तोंडं उघडणार होते.

सासरे पान खायला डबी शोधत आले आणि डोंगा पाहून उभेच राहिले.

"काय व, पोया लवकर आला का यंदा? बैल नाई भेटला म्हणून डोंगाच रंगवून राह्यली?"

त्यांच्या मागून काठी टेकत सासूबाई आल्या. माझ्या हातात पटाशी दिसताच ओरडल्या, "ठेव थे! एवढं सारं उकललं तं डोंग्याची चायनी होईन, नुसती भोकंच भोकं. नदीतलं पाणी वरून भराची गरज नाई पडन."

मग त्या दगडावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "बाभळीचा काटा आण. लांब पाह्यजे, टोक मोडलेला नको."

त्या काट्यानं त्यांनी माझ्या रेघा तपासायला सुरुवात केली. काटा भेगेवर टेकायचा, जोर न लावता. थांबला तर नुसती कातडी, वरून डांबराचा हात फिरवला की झालं. आपसूक आत गेला तर ती खरी भेग, ती उकलून भरायची. एके ठिकाणी भेगा चांदणीसारख्या फुटल्या होत्या, मधून चहूकडे. तिथं त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं. "ऐक. इथं दगड लागला कशाचा तरी. पण लाकूड ठणठण वाजते, ते बरं हाये." शेळीच्या ओरखड्यावरून काटा तसाच पुढे नेला. चिमणीच्या शिटेपाशी आल्या तेव्हा काटा टेकवला, कान लावला, आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "हे लय खोल गेली व."

सासरे पदर नसताना तोंडाला पदर लावल्यासारखं करून हसले.

डोंग्याच्या मागच्या अंगाला मी काही रेघा ओढल्या होत्या, एकाशेजारी एक, फणीच्या दातांसारख्या. त्या जागी भेगा इतक्या बारीक होत्या की चुना नसता तर मलाही परत सापडल्या नसत्या. सासूबाईंनी काटा टेकवला. गेला नाही. दुसरीवर टेकवला, तिथेही नाही. मी मनात म्हटलं, आता इथेही काही तरी ऐकावं लागणार. पण त्यांनी त्यावरून नख फिरवलं, मग परत फिरवलं, आणि डोळे बारीक करून वाकल्या.

"मले तं नुसता चुनाच दिसते. तुले ह्या दिसल्या कशा?"

"भेवानं," माझ्या तोंडून निघून गेलं.

"बरं दिसते व तुले भेवानं." त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी सासऱ्यांना हाक मारली. "अवो, इकडे या. इथं पाय द्या, दाबा जरा."

सासऱ्यांनी त्या जागेशेजारी पाय देऊन भार टाकला. फणीच्या दातांनी तोंडं उघडली. पाय काढला तशी परत मिटली. मी पाहतच राहिले. एखादं झोपलेलं जनावर श्वास घेतं तसं दिसलं ते.

"हे डांबराचं दुखणं नाई," सासूबाई म्हणाल्या. "खालून लाकूड लवून राह्यलं."

तिघांनी, आणि हाकेसरशी आलेल्या आमच्या ह्यांनी, डोंगा सुलटा केला. आतल्या बाजूनं तळाला आडवी लाकडं ठोकलेली असतात, आम्ही त्यांना बरगड्या म्हणायचो. त्यातली मागची बरगडी हातानं हलत होती. खिळे सैल, एक टोक कुजलेलं.

सासऱ्यांनी डोकं खाजवलं. "वरून डांबर मारू. यंदाचं साल निघून जाईन. महागावाहून मिस्त्री कधी येईन, कधी करन..."

"माही लेक इथंच बसन," सासूबाई म्हणाल्या. बरगडीवर हात ठेवून म्हणाल्या, मोठ्यानंही नाही. "एकटी नाई बसन थे."

सासरे सायकल काढून महागावला गेले.

मिस्त्री चाचा दोन गावची कामं उरकून आले. त्यांनी बरगडी पाहिली, फणीच्या भेगा पाहिल्या, आणि माझ्या चुन्याच्या रेघा पाहून म्हणाले, "ये इतनी मेहंदी किसने लगाई?"

"आमच्या नेरवालीनं," सासूबाई म्हणाल्या. "डोंगा नवरी हाये आमचा."

"ठीक किया बेटी. डोंग्याची कंबर ढिल्ली हाये. लेप लावून कंबर बसत नाई." चाचांनी बाभळीची नवी बरगडी घडवून बसवली आणि जाताना सासऱ्यांना म्हणाले, "अब हाथी भी बिठाओ."

मग माझं खरं काम लागलं. तीन दगडांच्या चुलीवर जवसाच्या तेलात राळ उकळायची. तो वास लुगड्याला, केसांना, भाकरीलासुद्धा लागायचा. खऱ्या भेगा पटाशीनं उकलून तोंड मोठं करायचं, कारण वरवर भरलेली भेग आतून हसते, असं सासूबाई म्हणायच्या. मग अंबाडीचा धागा त्या गरम राळेत भिजवून भेगेत घालायचा आणि बोथट पटाशीनं ठोकत ठोकत बसवायचा. सासूबाई खाटेवर बसून हुकूम सोडत.

"दाब. अजून दाब. काय मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालून राह्यली का चमच्यानं?"

"दाबूनच तं राह्यली, आत्याबाई."

"हात भेते तुहा. हाताले सांग, तूच बसणार हायेस त्याच्यावर."

हाताला ते लगेच समजलं. वरून राळेचा लेप, तो सुकला की डांबर. ज्या भेगा नुसत्या कातडीच्या होत्या त्यांना हात लावू दिला नाही, नुसतं वरून डांबर. मला ते फार जड गेलं. एखादी भेग दिसत असताना तिला तशीच सोडायची म्हणजे नेरवालीला घाम फुटायचा.

नदी भरली. डोंगा डोहात सोडला, लाकूड फुगायला ठेवला. रोज सकाळी सासूबाई मला काठावरून विचारायच्या, "किती पाणी आलं आत?" आणि मी हातानं चाचपून सांगायची. आधी ओंजळभर, मग थोडं, मग नुसती ओल. आषाढात पलीकडून निरोप आला, पेरण्या आटोपल्या, न्यायला या.

आदल्या दिवशी छान उघडीप होती. घरचे कामात होते. मी हळूच डोंगा गाठला, आणि ज्या जागेवर मला बसायचं होतं तिथे आतून आणखी एक डांबराचा हात मारला. मग वाटलं, पातळ झाला, म्हणून अजून एक. पुरणपोळीवर तूप घालतात तसा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नाही. बाकीच्या डोंग्याला सुकायला महिना मिळाला होता, माझ्या थराला एक रात्र.

सकाळी हिरवं नवं लुगडं नेसून मी काठावर उभी राहिले. सासूबाईंनी डोंग्याला हळदकुंकू वाहिलं, मलाही लावलं. मी आणि डोंगा त्या दिवशी सारख्याच नवऱ्या दिसत असू. मी आत पाय टाकला, डोंगा हलला, मी किंचाळले, आणि माझ्या जागेवर मटकन बसले. डोळे मिटले. सासरे मागे वल्ह्याला, आमचे हे पुढे बांबू घेऊन.

"डोळे उघड ना व. शेळ्या तुह्यापेक्षा बऱ्या बसतात," हे म्हणाले.

"तुमच्या शेळ्याईले न्या मंग."

ऊन तापत होतं. मधल्या धारेत डोंगा एकदा जोरात डुलला. मी आजूबाजूला तळ चाचपला. कोरडा. परत चाचपला, कोरडाच. फणीच्या दातांची जागा, नवी बरगडी, सगळं ठणठणीत. तेव्हा कुठं मी एक डोळा उघडला, मग दुसरा. नदी एवढी मोठी आणि एवढी शांत असते हे मला ठाऊक नव्हतं. पाण्यावर ऊन पसरलं होतं. काठाची झाडं मागे मागे जात होती. मला एकदम इतकं बरं वाटलं की मी पाठ ताठ करून, मांडी घालून, सरपंचासारखी बसले. हे मागे वळून पाहून म्हणाले, "पाह्यजा, हवा गेली डोक्यात."

पलीकडच्या काठावर नणंद उभी, तिच्या सासूबाई, जावा, सगळा गोतावळा. भावजयीनं उतरून तिला हाताला धरून आणायची रीत. मी उठायला गेले.

उठता येईना.

परत जोर केला. लुगडं ताणलं गेलं, मी मात्र जिथल्या तिथे. आदल्या दिवशीचा थर उन्हानं मऊ झाला होता आणि त्यानं मला पोटाशी धरलं होतं.

"वयनी, उतर ना व!" नणंद काठावरून ओरडली.

मी नुसतीच हसले.

"मान पाह्यजे का तुले? ये म्हणून हात जोडू?"

तिच्या सासूबाईंचा चेहरा कडक व्हायला लागला. नवी सोयरीण येते आणि डोंग्यातून उतरतही नाही! शेवटी आमचे हे माझ्या काखेत हात घालून उचलायला आले. चर्र असा आवाज झाला. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि कानात सांगितलं. त्यांनी वाकून पाहिलं, आणि बांबू टाकून ते डोंग्यातच खाली बसले, हसायला.

गोष्ट काठावर पोचायला वेळ लागला नाही. नणंद पोट धरून हसायला लागली. "नका व हसवू मले, दुखते!" तिच्या सासूबाई घाबरल्या, तिला बसवलं, पाणी दिलं, आणि मग स्वतःच पदरात तोंड लपवून हसत सुटल्या. कुणी म्हणालं तेल आणा, कुणी म्हणालं विळा आणा. माझ्या अंगावरचं नवं लुगडं चार परक्या बायांसमोर विळ्यानं कापायचं? मी हात जोडले. सासरे म्हणाले, "राहू द्या. जशी आली तशी नेतो."

मग नणंदेला दोघांनी हात धरून डोंग्यात घेतलं. ती माझ्या पुढ्यात, नव्या बरगडीवर येऊन बसली आणि माझ्या छातीला पाठ टेकून तिनं अंग सैल सोडलं. मी तिच्या पोटावरून दोन्ही हात गुंफले. हललेच नसते मी, वादळ आलं असतं तरी.

"घट्ट हाये ना?" मी विचारलं.

"डोंगा का वयनी?"

"दोन्ही."

"लय घट्ट," ती म्हणाली, आणि अर्ध्या नदीत तिला चक्क डुलकी लागली.

अलीकडे काठावर सासूबाई गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. डोंगा लागला तशा त्या वाकल्या आणि आधी तळ पाहिला. कोरडा. मग लेकीला पाहिलं, तिच्या गालावरून हात फिरवला, तिला उतरवून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या.

"तू काय डोंग्यातच नांदणार हायेस का आता? उतर."

"आत्याबाई," मी मान खाली घातली, "मले उतरता येत नाई."

त्यांनी कंबरेवर हात ठेवले. मागे सासरे, हे, नणंद, सगळे ओठ दाबून उभे.

"काय म्हतलं?"

"मले येत नाई."

"अजून एकदा म्हण, माय," सासूबाई म्हणाल्या. "लग्नापासून वाट पाहून राह्यली मी."

मी म्हटलं. मग त्यांनी घरून चादर आणि विळा मागवला, चादर माझ्याभोवती धरली, सगळ्या पुरुषांना घरी हाकललं, आणि विळ्यानं माझं हिरवं लुगडं हलक्या हातानं, जणू भेग उकलावी तसं, गोल कापून मला सोडवलं.

नणंदेला मुलगी झाली. डोंग्यातला तो हिरवा तुकडा तसाच राहिला. सासूबाईंनी काढू दिला नाही, दर उन्हाळ्यात त्यावरून मी डांबर मारायची, आणि पहिल्या खेपेला तिथेच बसायची. थर पुरता सुकल्याची खात्री करून.